कोनराडचं ड्यूरेन

१९७७ साली इंजिनिअर्सच्या पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि त्याच वर्षी कतारमध्ये मेसईदच्या एका कारखान्यात फायर सेक्शनला लागलो. वर्दी उतरली, सवयी उतरल्या नाहीत. सकाळी सहाला रोल कॉल, मग पंप आणि होजची तपासणी, मग ड्रिल. शिफ्टमधले निम्मे माजी सैनिक. सिव्हिलियन पोरं आमच्या कडक सावधानला हसायची. धूर दिसला की मात्र आमच्याच पाठीमागे लपायची.

कोनराड तिथे इन्स्पेक्शन इंजिनिअर होता. जर्मन, पन्नाशीचा, उन्हाने लाल झालेला. कारखान्यातली व्हेसल, म्हणजे दोन मजली घराएवढी बंद पोलादी टाकी, उघडली की आधी तो तपासायचा, मग माणसं आत जायची. आतली हवा मोजल्याशिवाय आत पाऊल नाही, हा धडा आम्हाला त्यानेच दिला. दहाच्या चहाला तो आमच्या स्टेशनवर यायचा. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

एकदा मी सांगितलं, आमच्या साताऱ्याकडे घरटी एक फौजी असतो. तो म्हणाला, "आमच्या ड्यूरेनला घरटी एक कागदवाला."

ड्यूरेन मोठं नाही, लहानही नाही. रूर नदीच्या काठी. नदीचं पाणी मऊ, कागदाला चांगलं, म्हणून कित्येक पिढ्या तिथे कागद होतो. माणसं कमी बोलणारी, चिवट, काही वाया न घालवणारी. गावचं दैवत संत आना, येशूची आजी. पावणेपाचशे वर्षांपूर्वी एका गवंड्याने तिचं शीर, म्हणजे पवित्र म्हणून जपलेला कवटीचा अवशेष, दुसऱ्या गावच्या चर्चमधून पळवून आणलं. भांडण थेट पोपपर्यंत गेलं. पोपने निकाल दिला, आता आहे तिथेच राहू दे. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिची जत्रा भरते.

मी म्हणालो, "म्हणजे चोरीचा देव आणि जत्रा जोरात!"

तो पोट धरून हसला. आमच्याकडेही देवाच्या मुखवट्यावरून दोन गावांची डोकी फुटलीत, हे सांगितल्यावर तर त्याने मला गाववालाच मानलं.

पुढचं त्याने एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, समुद्रावर सांगितलं. १९४४ चा नोव्हेंबर, दुपारची वेळ. विमानं आली आणि गाव संपलं. तो चौदा वर्षांचा, नदीकाठच्या कागदाच्या गिरणीत कामाला. धावत गल्लीत आला. आई आणि बहीण तळघरात होत्या. शेजारच्या तळघरात निसटता यावं म्हणून मधल्या भिंतींत वाटा ठेवलेल्या असत. त्या वाटांनी धूरही या घरातून त्या घरात गेला. तो आत घुसायला निघाला तेव्हा दोन शेजाऱ्यांनी त्याला धरलं.

"ते बरोबर होते," कोनराड म्हणाला. "मी गेलो असतो तर मेलो असतो. पण मी त्यांना माफ केलं नाही. आजपर्यंत नाही."

काही लोक म्हणाले, हा ढिगारा सोडा, दुसरीकडे गाव वसवा. लोक परत तिथेच आले. जुन्या चर्चचे पडलेले दगड निवडून त्यांचंच नवं चर्च बांधलं. हे सांगताना मात्र त्याची मान ताठ झाली.

ऐंशी सालच्या जूनमध्ये शटडाऊन होता. कारखाना बंद, दुरुस्ती चालू. एका व्हेसलमध्ये यशवंत नावाचा चिपळूणकडचा फिटर काम करत होता. त्याचा धाकटा भाऊ गणपत बाहेर हेल्पर. कोनराडने सकाळी आतली हवा तपासली होती. हवा ठीक होती. पण जूनमध्ये आत भट्टी असते. जेवणानंतर गार वारा मिळावा म्हणून कोणी तरी आत एक नळी सोडली. सगळेच तसं करत. ती नळी हवेच्या नव्हे, नायट्रोजनच्या लाइनला जोडली गेली. दोन्ही लाइन शेजारी शेजारी होत्या. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. दोन श्वासांत माणूस खाली बसतो.

मी आणि कोनराड राउंडवर होतो. ओरडा ऐकून वर चढलो. मॅनहोलमधून यशवंत दिसत होता. शिडीच्या पायाशी पडलेला, तोंड वर. मी आधी नळीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि वॉकीटॉकी काढला.

"कंट्रोल, फायर थ्री. व्हेसल में आदमी गिरा है. मास्क और सिलिंडर भेजो. ओव्हर."

"फायर थ्री, गाडी जेट्टी पर है. निकल रही है. वेट करो. ओव्हर."

जेट्टी म्हणजे कारखान्याचं दुसरं टोक.

"साहेब, नो," मी म्हणालो. कोनराडने हेल्मेट काढून ठेवलं होतं. "मास्कशिवाय नाही. तुम्हीच शिकवलंत."

"यस," तो म्हणाला. "आय नो."

मी त्याची बाही धरली. ती हिसडून तो आत उतरला. यशवंतच्या काखेत हात घालून त्याने त्याला उचललं, शिडीच्या दोन पायऱ्या चढवलंही. मग दोघेही खाली कोसळले.

तेवढ्यात गणपत धावत आला. मी त्याला कमरेला मिठी घालून धरला.

"सोडा मला! माझा भाऊस हाय तो!"

तो मला चावला, लाथा मारल्या. मी सोडला नाही. लढाईत मी भूसुरुंग काढलेत, पण इतका हतबल कधी झालो नव्हतो. कोनराडच्या गल्लीत त्याला धरणारा माणूस आता मीच होतो, हे मला कळत होतं, आणि दुसरं काहीही करता येत नव्हतं.

गाडी आली. माझ्या जवानांनी मास्क चढवले आणि दोघांना बाहेर काढलं. डॉक्टरने दोघांकडे पाहून मान हलवली.

त्या आठवड्यात दोहा विमानतळावरून दोन पेट्या गेल्या. एक जर्मनीला, एक मुंबईला. मुंबईच्या पेटीसोबत गणपत होता. मी त्याला सोडायला गेलो. आत जाताना तो थांबला.

"घरी कोण आहे?" मी विचारलं.

"आयस हाय. ती इचारील, तू भायर काय करत होतास? काय सांगू तिला?"

"माझं नाव सांग. म्हणावं, हवालदाराने सोडला नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माफीचा विषयच नव्हता. तो मान फिरवून आत गेला.

आमच्या पलटणीत हुतात्म्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. दर वर्षी ती मोठ्याने वाचली जातात आणि जवान सावधानमध्ये उभे राहतात. या दोघांची नावं कुठेच नाहीत, म्हणून इथे लिहितो. कोनराड, ड्यूरेनचा. यशवंत, चिपळूणकडचा. दोघेही ड्यूटीवर गेले. तिसरा जिवंत आहे, आणि तो मला कधी माफ करणार नाही. त्याने करूही नये. त्याला मी पुन्हा तसाच धरीन.