केनवडच्या मातीत कोरियाचा मुष्टियोद्धा

अकोल्याहून वाशीमला जाणारी छोटी गाडी इतकी रमतगमत जाते की खाली उतरून चालावं आणि पुढच्या स्टेशनावर पुन्हा चढावं. मी नागपूरच्या एका शाळेत ड्रिलमास्तर; संध्याकाळी मुष्टियुद्धाची तालीमही चालवतो. सावकाश चालणारी कुठलीही गोष्ट मला सोसत नाही. सोबत मिन-सू होता, कोरियाचा मुष्टियोद्धा. तो अकोल्यापासून गप्पच होता. समोरच्या पागोटेवाल्या बुवांना मात्र राहवेना.

“हा कोठचा व्हय भाऊ? नेपायचा काय?”

“कोरियाचा.”

“कोन्या तालुक्यात येते थे?”

मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा मिन-सू बऱ्याच दिवसांनी हसला.

त्याची हकिगत सांगायला हवी. शाळेत असताना हौशी मुष्टियुद्धात तो आपल्या प्रांतात पहिला आला होता. मग लढाई आली, आणि घर, आईबाप, भाऊ, सगळं गेलं. तो कैदी झाला. छावणीवर पहाऱ्याला आपले हिंदी शिपाई होते. सुटकेच्या वेळी उत्तर कोरियाही नको नि दक्षिणही नको म्हणून तो त्यांच्यामागोमाग बोटीनं हिंदुस्थानात आला. कलकत्त्यात पैशासाठी झुंजू लागला आणि जिंकतही गेला. एका झुंजीत मात्र हनवटीवर ठोसा बसून जो पडला, तो उठलाच नाही. मुष्टियुद्धाचा कायदाच कडक. पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही. पंच दहापर्यंत मोजतो. तेवढ्यात आपला आपण उठलास तर ठीक, नाहीतर हरलास.

त्यानंतर तो नागपूरला माझ्या तालमीत आला. वाळूचं पोतं झकास बडवायचा, पण समोर माणूस उभा केला की हातमोजे काढून ठेवायचा. “पुन्हा पडलो तर उठेन का?” हा एकच प्रश्न. आता मुंबईहून एका झुंजीचं बोलावणं आलं होतं आणि आठवड्याभरात उत्तर द्यायचं होतं. हे पोरगं पुन्हा उभं राहावं, एवढीच माझी इच्छा होती. तशात माझा मावसभाऊ हरिभाऊ, केनवडचा पैलवान, यानं गावच्या दंगलीला (कुस्त्यांच्या फडाला) बोलावलं. म्हटलं, चला, जरा हवापालट होईल.

वाशीमला उतरून मोटार धरली, तर शिरपूरच्या पुढं तिचं चाक फुटलं. ड्रायव्हरनं शांतपणे बिडी पेटवली. मी चडफडलो आणि मिळाली ती बैलगाडी पकडली. दोन्हीकडं तुरी उभ्या होत्या. मिन-सू हिरव्या शेंगा सोलून खात होता आणि गाडीवान त्याला चांगल्या शेंगा निवडून देत होता.

केनवडला मावशीनं रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. मिन-सूनं ठेचा दोनदा मागून घेतला. मावशी खूश झाली.

“बापू, तुही माय असंच तिखट करे काय?”

मी हिंदीत सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि ताटाकडं बघत राहिला. मावशीला काय समजायचं ते समजलं. तिनं आणखी एक रोडगा फोडून त्यावर तूप ओतलं.

दुपारी दंगलीच्या आखाड्यापाशी हरिभाऊ म्हणाला, “दादा, याले उतरव ना माझ्यासंग. यानं तोंडावर मारू नाही, मी जोरानं आपटनार नाही. गंमत व्हईन.”

मी हिंदीत सांगितलं, तसा मिन-सू पिशवीतले हातमोजे काढून स्वतःच चढवू लागला. हलगी घुमू लागली. त्याचे दोन-तीन ठोसे हरिभाऊच्या दंडावर असे चपळ बसले की लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात हरिभाऊनं खाली वाकून पट काढला, म्हणजे त्याचे पायच ओढून घेतले, आणि मिन-सू पाठीवर आडवा.

कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला. पण माझ्या डोक्यात मुंबई होती. मी आखाड्याच्या कडेला गुडघे टेकले आणि मोठ्यानं मोजू लागलो. एक, दोन, तीन. ऊठ, लेका, ऊठ! तो डोळे मिटून पडला होता.

हरिभाऊ माझ्यावर खेकसला, “दादा, कायले मोजून राह्यला? मानूस पडला ना! उचल पयले!”

मी हलायच्या आत, ज्यानं पाडलं त्यानंच काखेत हात घालून मिन-सूला उभं केलं. पंच धावले, बघे धावले. जो तो त्याच्या पाठीवरची माती झाडू लागला. माती केव्हाच गेली होती, तरी हात थांबेनात. मिन-सू ढसाढसा रडत होता.

“लागलं काय बाप्पा?” हरिभाऊ घाबरून गेला.

लागलं नव्हतं. मीही रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परतीच्या गाडीत मिन-सू आपणहून बोलला. “मास्तरजी, कलकत्त्याला मला सगळे आकडे ऐकू येत होते. उठता आलं असतं. पण उठून कुणाकडं जायचं?”

इतके महिने मी त्याच्या पायांत बळ यावं म्हणून त्याला पहाटे पळवत होतो. शेजारी बसलेला हा मुलगा मला केनवडपर्यंत गेल्यावर कळला.

मी विचारलं, “मुंबईला काय कळवू?”

“येतो म्हणा. रिंगणाच्या माझ्या कोपऱ्यात तुम्ही उभे राहा. हरिभाऊंनाही आणा.”

“हरिभाऊला? अरे, तू पडलास की तो दोऱ्यांवरून उडी मारून तुला उचलायला येईल. मोजणंबिजणं त्याला कळत नाही. तुला तिथंच हरलेला ठरवतील!”

“म्हणून तर,” मिन-सू म्हणाला, “ते पोचायच्या आत मला उठावं लागेल.”