आयांना वर्गात बसवणाऱ्या बाई

"आधी आई बसू दे, पोर आपोआप बसेल," असं म्हणत बाई दारात उभ्या असलेल्या आईचाच दंड धरायच्या आणि तिला वर्गात ओढायच्या. पोराकडे बघायच्यासुद्धा नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली की पहिलीच्या वर्गात पोरांच्या आधी त्यांच्या आया बसलेल्या दिसायच्या, बसकरपट्टीवर मांडी घालून, ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून. तुम्ही पहिलीत गेलात तेव्हा तुम्हाला कसं आत नेलं होतं, जरा आठवून बघा. मला वडिलांनी खांद्यावर टाकून नेलं होतं आणि मास्तरांनी आतून कडी लावली होती. त्यामुळे बाईंची ही तऱ्हा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ही शाळा आहे की हळदीकुंकू?

नियम एकच. आईनं निघायचं ते पोरानं "जा" म्हटल्यावर. आपण होऊन उठायचं नाही, पोराची नजर चुकवून तर मुळीच नाही. कुणी पहिल्याच दिवशी जा म्हणायचं, कुणी चार दिवसांनी. एका आईनं अख्खा आठवडा वर्गात काढला आणि घरी सासूची बोलणी खाल्ली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा प्रौढशिक्षणाचा वर्ग का? बाई म्हणाल्या, तसंच समजा, रोज थोडे थोडे कमी होतील.

मी सांगलीकडचा. नोकरी लागली ती रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणपासून बरंच आत, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर. घाटावरचे आम्ही शिक्षक इथं पाऊल ठेवल्या दिवसापासून बदलीची वाट बघत असतो, मीही बघत होतो. शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, मध्ये एक लाकडी फळ्यांची भिंत. बाईंचं माहेर हर्ण्याचं, मासळीच्या बंदरातलं. आवाज मासळीच्या लिलावात तयार झालेला. त्यांनी पलीकडे "अ अननसाचा" म्हटलं की इकडे माझ्या चौथीचा भागाकार चुकायचा. डब्यात सुकट असायची. मी माळकरी घरातला, नाक मुरडायचो. "वास घ्या गुरुजी, वासानं माळ तुटत नाय," असं म्हणून त्या डबा मुद्दाम माझ्या बाजूला सरकवायच्या.

पण बाईंचं खरं काम चालायचं मे महिन्यात. मुंबईचे चाकरमानी गावी आले की शाळेत जाण्याच्या वयाचं पोर जाताना मुंबईला घेऊन जायची भाषा निघते. आणि मुंबईला गेलेलं पोर म्हणजे आमच्या पटावरून गेलेलं पोर. वाडीवर माणसं कमी, घरं कुलूपबंद, पट दरवर्षी आटत चाललेला. म्हणून बाई भर उन्हात घरोघर फिरायच्या. पडवीत बसून कोकम सरबत प्यायच्या, आंब्याचे भाव विचारायच्या आणि मग हळूच विषय काढायच्या की मुंबईच्या खोलीत पोराला कोंडून काय मिळणार, इथं आजी आहे, अंगण आहे, मी आहे. बाईंच्या तोंडाला लागून कोण जिंकणार? पोर राहायचं आणि शाळा एक वर्ष पुढे सरकायची.

त्या वर्षी पहिलीला यायच्या वयाची एकच मुलगी वाडीवर होती. बाप मुंबईत इमारतीवर राखणदार, आई चार घरची कामं करणारी. दोघं मुलीला न्यायच्या तयारीत होती. बाई त्यांच्या घरी इतक्या वेळा गेल्या की त्यांचा कुत्रासुद्धा भुंकेनासा झाला. शेवटी आई तयार झाली. बाईंनी मला रस्त्यातच हाक मारून सांगितलं, "गुरुजी, पहिली झाली." त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो.

पहिल्या दिवशी ती मुलगी आजीबरोबर आली. बाईंनी रिवाजाप्रमाणे आजीला आत बसवलं. मुलगी लगेच म्हणाली, "आजी, तू जा." रडली नाही, हट्ट केला नाही. असं पोर आपण कधी पाहिलं नाही म्हणून बाईंनी जेवताना माझ्याकडे तिचं कौतुकही केलं.

दुपारी खालच्या फाट्यावर मुंबईची गाडी येते. तिचा हॉर्न डोंगराला आपटून वर शाळेत ऐकू येतो. हॉर्न वाजला तशी ती मुलगी उठली, दप्तर पाठीला लावलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बाईंनी आजीला गाठून विचारलं. आजीनं साधेपणानं सांगितलं की रडून आकांत करेल म्हणून तिचे आईबाप पहाटे ती झोपेत असतानाच निघून गेले. आमच्या गावांत बहुतेक आईबाप असंच जातात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग वर्षभर बाईंनी त्या पोरीसाठी काय केलं नाही? शाळेची घंटा तिच्या हाती दिली, मांडीवर बसवून वाचायला शिकवलं, दिवाळीच्या सुट्टीत हर्ण्याला नेऊन होड्या दाखवल्या. मुलगी हुशार, अक्षरं भराभर शिकली. पण गाडीचा हॉर्न वाजला की दप्तर पाठीला लागायचंच. बाईंचा तो लिलावातला आवाज त्या वर्षी बराच खाली आला. माझे भागाकार बरोबर यायला लागले, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही.

शिमग्याला तिची आई गावी आली. पालखी घरोघर फिरत होती, ढोल वाजत होते, पोरं आनंदात होती. ही मुलगी मात्र वर्गात येऊन पाटीवर डोकं टेकून झोपायला लागली. बाईंना वाटलं, पालखीपाठी जागरण होत असेल. तसं तिला विचारलंही.

"पालखीला नाय जात मी," ती म्हणाली. "रात्री जागी असते. झोपले की आई जाते."

फळ्यांच्या भिंतीपलीकडून ते मला स्पष्ट ऐकू आलं. मग बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर चला.

आम्ही गेलो तेव्हा मुलीची आई चुलीपुढे होती. मुलगी तिच्या पदराचं टोक मुठीत धरून शेजारी बसलेली. आजीनं पाणी दिलं. बाईंनी ते घेतलं नाही, बसल्याही नाहीत.

"हिला तुझ्याबरोबर घेऊन जा," त्या आईला म्हणाल्या.

आई गोंधळली. "बाई, तुम्हीच म्हणालात ना, इथं ठेव?"

"म्हटलं. शाळेसाठी म्हटलं. पोरीसाठी नाय म्हटलं."

आईनं खोलीची अडचण सांगितली, कामाला गेल्यावर पोरीला कोण बघणार ते विचारलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या खाली बसल्या आणि जे मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते मुलीच्या आईला सांगितलं. त्यांची पहिली नोकरी लांब राजापूरकडे होती. मुलगा हर्ण्याला त्यांच्या आईकडे वाढला. दर खेपेला तो झोपलेला असताना त्या पहाटेच्या गाडीनं निघायच्या. "आता पुण्याला असतो. चांगला हाय, काय कमी करत नाय. पण माझ्याशी पाहुण्यासारखा बोलतो गो."

मुलीची आई रडायला लागली. बाई रडल्या नाहीत. परीक्षा होईपर्यंत पोर इथं राहू दे म्हणाल्या आणि एवढंच बजावलं की या वेळी परत जाताना पोरीला जागं करायचं, कधी न्यायला येणार ते तिच्या तोंडावर सांगायचं, आणि तिनं जाऊ दिलं तरच निघायचं.

वार्षिक परीक्षा झाली तशी आई आली. बाईंनी स्वतः दाखला लिहून दिला. मुलगी आईबरोबर दिवसाढवळ्या गाडीत बसली. मी फाट्यावर गेलो होतो. बाई आल्या नाहीत, शाळेत काम आहे म्हणाल्या. सुट्टी लागली होती, शाळेत काडीचं काम नव्हतं.

चौथीची मुलं पुढे गेलेली, पहिलीला नवं कुणी नाही, आणि दुसरीत जाणारी होती ती मुंबईला. पटावर जेमतेम दोन नावं उरली. ती मुलगी राहिली असती तर निदान ते वर्ष निभावलं असतं, हे मला माहीत होतं आणि बाईंना माझ्याआधी माहीत होतं. शाळा बंद झाली, दोन मुलं लांबच्या मोठ्या शाळेत गेली. वाडीवरची माणसं चिडली. ज्यांची स्वतःची नातवंडं मुंबईत शिकत होती तीही म्हणाली, बाईंनी आपल्या हातानं शाळेला कुलूप लावलं. बाईंनी कुणाला एका शब्दानं उत्तर दिलं नाही. एरवी त्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

मला हवी होती ती बदली मिळाली. बाईंना एका मोठ्या शाळेत पाठवलं. तिथं आयांना फाटकाच्या आत घेत नाहीत, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही सांगून बघा ना साहेबांना. तर म्हणाल्या, "आता नाय होत गुरुजी. दम लागतो." मला वाटलं, कंटाळल्यात. खरंच दम लागत होता. निवृत्ती तोंडावर आली असताना बाई गेल्या, आणि मला कळलं तेव्हा बारावाही होऊन गेला होता.

ती मुलगी नि तिची आई यांना कुणी कळवलं नसणार असं वाटून मीच मुंबईला फोन लावला. आईनंच तो घेतला, बाई गेल्याचं मी तिला सांगितलं. मुलगी आता तिसरीत आहे, वाडीतल्या शाळेचं नाव काढते, असं म्हणाली. मग तिनं अचानक विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. आमची पोर काढली म्हणून शाळा बंद झाली ना?"

"नाही हो," मी म्हणालो. "ती तशीही बंदच होणार होती."

"बाई पण हेच म्हणाल्या होत्या," ती म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली.