रुपया वधारला आणि आमचा दर पडला

रुपया वधारला त्याच आठवड्यात आमची मजुरी कमी झाली. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे, आणि दर वेळी ऐकणारा म्हणतो, तुमची काहीतरी गल्लत होतेय. गल्लत बिलकूल नाही. मी तिथे होते. बर्फाच्या पाण्यात हात घालून बसले होते.

मुरुडपासून थोड्या अंतरावर, खाडीच्या बाजूला, पत्र्याची एक लांबलचक शेड होती. बंदरावर उतरलेली कोळंबी तिथे यायची. आम्ही पंचवीसेक बायका ती सोलायचो, मग ती बर्फात भरून कारखान्यात जायची आणि तिथून परदेशी. शेडचा मालक आमच्याच गावचा. त्याच्या बापाची होडी होती, आईने टोपली डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकले होते. आता त्याला सगळे शेठ म्हणायचे, मीसुद्धा.

माझं माहेर म्हसळ्याकडचं, भातशेतीचं. कोळंबी खायची माहीत होती, सोलायची नव्हती. पहिल्या महिन्यात बोटांची सालं निघाली. कोळंबीच्या डोक्याचा काटा नखाखाली शिरतो तेव्हा काय होतं, ते ज्याला शिरला त्यालाच कळतं. तरी मी टिकले. घरात नवऱ्याचा एसटीतला कंडक्टरचा पगार होता, पण मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला तो पुरेना. मी बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून शेडमधल्या बायका कागद वाचायला माझ्याकडे यायच्या. माझ्या शिक्षणाचा उपयोग तेवढाच.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी शेठ आला आणि त्याने सगळ्यांना उठवून उभं केलं. म्हणाला, "बायांनो, डॉलर पडलाय."

आमच्यातली सगळ्यात म्हातारी, जिला सगळ्या आते म्हणायचो, ती म्हणाली, "पडला म्हंजे? कुठं पडला रं?"

बायका हसल्या. शेठ हसला नाही. "आते, आपला माल बाहेरदेशी जातो. तिकडचा गिऱ्हाईक डॉलरमधी पैसे देतो. आधी एका डॉलरचे जेवढे रुपये हातात यायचे, त्यापेक्षा तीन-साडेतीन रुपये कमी येतात आता. भाव तोच, माल तोच, पण माझ्या हातात कमी. मी कुठनं आणू? आजपासून किलोमागं चौदाचे बारा."

बर्फ वितळत होता, कोळंबी वाट बघत नाही. आम्ही खाली बसलो आणि सोलायला लागलो. हीच गोष्ट मला अजून टोचते. आम्ही खाली बसलो.

संध्याकाळी घरी गेले तर नवरा टीव्हीसमोर खूश. कोणीतरी टाय लावलेला माणूस सांगत होता की रुपया मजबूत झाला, देशाची ताकद वाढली, आता बाहेरून येणाऱ्या वस्तू स्वस्त होतील.

"बघितलंस?" नवरा म्हणाला. "आपला रुपया कसा वर चाललाय."

"माझे दोन रुपये गेले त्यात," मी म्हणाले. "किलोमागे दोन."

"अगं, ते तात्पुरतं. तेल बाहेरून येतं, डिझेल बाहेरून येतं. ते उतरेल की. शेवटी फायदाच आहे आपला. आणि देशाचं काही आहे की नाही?"

मी हात त्याच्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, त्यांत हळद भरलेली. "हे देशात मोडतं का?" मी विचारलं. त्याने माझ्या बोटांकडे बघितलं. पण टीव्ही बंद केला नाही.

माणूस वाईट नाही तो. पण त्यानंतर मी तो विषय काढला नाही, आणि त्याला वाटलं मला पटलं.

मला पटवून घ्यायचं होतं, खरं तर. मी वाट पाहिली. पुढच्या महिन्यात बाजारात वाण्याकडे गेले आणि विचारलं, तेल उतरलं का? तो म्हणाला, "वैनी, जुना माल हाय. महाग घेतलेला. तो संपू द्या." त्याच्या पुढच्या महिन्यात परत विचारलं. पिशवीचा भाव तोच. मी ती हातात घेऊन उलटसुलट केली, कारण ती हलकी वाटली. खाली बारीक अक्षरांत वजन लिहिलेलं होतं. आधीच्या पिशवीपेक्षा कमी. किंमत तीच, चित्र तेच, फक्त आतलं तेल थोडं काढून घेतलेलं.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"कंपनीकडनंच तसं येतं. मी काय करू?"

तिथे दुकानात उभी राहून मी एवढी चिडले की हातातली पिशवी तशीच ठेवून बाहेर आले आणि अर्ध्या वाटेवरून परत गेले, कारण घरात तेल नव्हतं. रागाने उपाशी राहता येत नाही. डिझेलही उतरलं नाही. होडीवाले तेच रडत होते. गॅस तोच. स्वस्त झालं ते मला एकच दिसलं: शेठचा मुलगा बायकोला घेऊन थायलंडला जाऊन आला. परत आल्यावर त्याने शेडमध्ये सगळ्यांना चॉकलेटं वाटली. माझ्या वाटणीचं मी आतेला देऊन टाकलं. ती म्हणाली, "कडू हाय गो."

पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा शेडही बंद. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर गेल्या, आम्ही परत कामाला लागलो. दर बाराच. दसऱ्याच्या सुमाराला नवरा पेपर वाचता वाचता म्हणाला, "रुपया परत घसरला." त्याचा आवाज एखादा नातेवाईक आजारी पडल्यासारखा. मी त्याच्या हातातून पेपर घेतला. डॉलर होळीआधी जिथे होता तिथे पोहोचला होता, उलट थोडा वरच.

दुसऱ्या दिवशी मी शेठला त्याच्या टेबलापाशी गाठलं.

"शेठ, डॉलर वर गेला. आमचे दोन रुपये परत द्या."

त्याने चष्मा काढला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"पेपरात आहे."

"बघू."

"कधी?"

"वैनी, धंदा तुम्हाला समजत न्हाय. डॉलर वर गेला की डिझेल महागतं, बर्फ महागतो, गाडीभाडं महागतं. माझ्या हातात काय ऱ्हातं?"

"मग डॉलर पडला तेव्हा ते सगळं स्वस्त झालं असेल."

त्याने चष्मा परत लावला. मग म्हणाला, "तेव्हा न्हाय झालं."

"तेव्हा स्वस्त नाही, आता मात्र महाग. म्हणजे दोन्हीकडून आमच्याच मजुरीतून जायचं?"

"कामाला लाग," तो म्हणाला.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी खोटं बोलल्यासारखं होईल. होळीच्या वेळी शेठ खरोखर अडचणीत होता. त्याने तीन महिने आधी भाव ठरवून दिलेला होता, आणि डॉलर पडल्यावर तो माल तोट्यात गेला. त्याच्या मुनीमाने मला ते नीट समजावून सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. माझा राग त्याच्या तोट्यावर नव्हता. तोटा झाला की तो सगळ्यांचा, आणि नफा झाला की तो एकट्याचा, हे त्याने कधी ठरवलं? त्याच्या आदल्या वर्षी डॉलर असाच चढला होता. त्या वर्षी त्याने समुद्राकडच्या रस्त्यावर लॉज बांधायला काढलं. तेव्हा सकाळी येऊन त्याने आम्हाला उभं केलं नाही. "बायांनो, डॉलर चढलाय" असं तो म्हणाला नाही.

मग मी एक केलं. रोज सकाळी पेपरातला डॉलरचा भाव बघायचा आणि शेडच्या दाराशेजारच्या पत्र्यावर खडूने लिहायचा. वर होळीआधीचा आकडा, खाली आजचा. बाकी काही नाही. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनाही आकडे येत होते. आमच्यापैकी प्रत्येक बाई वजनकाटा वाचू शकायची; तो वाचल्याशिवाय आमचं भागलंच नसतं.

पहिल्या दिवशी मुनीमाने ओल्या फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी मी परत लिहिलं. तिसऱ्या दिवशी मी यायच्या आधी बायका पत्र्यासमोर उभ्या होत्या. एकीने विचारलं, "आज किती गो?" पुढे ते रोजचंच झालं. आते यायची ती आधी पत्र्याकडे जायची, मान वर करून बघायची आणि म्हणायची, "चढलाय अजून. चोर." चोर कोण, ते ती सांगायची नाही.

दिवाळीनंतर एक दिवस असा आला की होड्यांना इतकी कोळंबी मिळाली की बंदरावर टोपल्या ठेवायला जागा उरली नाही. सकाळी सातला शेडमध्ये माल येऊन पडला. दारापासून भिंतीपर्यंत ढीग. त्या दिवशीचा आकडा मी लिहिला, खडू कमरेला खोचला आणि वळले. एकही बाई पाटावर बसली नव्हती.

आधी ठरलेलं नव्हतं. कोणाशी बोलणं झालं नव्हतं, मी देवाची शपथ घेऊन सांगते. त्या नुसत्या उभ्या होत्या, पदर खोचलेले, हात मोकळे.

शेठ धावत आला. "काय झालं? बसा ना! बर्फ चाललाय!"

आते म्हणाली, "बर्फ चाललाय ते दिसतंय. दोन रुपये कुठं चालले ते सांग."

"आते, तू तरी..."

"तुझ्या आयशीबरोबर मी मासे विकलेत. तिनं कधी कोणाचा पैसा मारला न्हाय. बोल."

तो लाल झाला. ओरडला, टेम्पो पाठवून दुसरीकडच्या बायका आणतो म्हणाला. फोन लावला. तिकडच्या शेडमध्येही त्या दिवशी ढीगच होते, कोणी मिळेना. पत्र्याखाली उकडायला लागलं, बर्फाचं पाणी आमच्या पायांखालून वाहत बाहेर गेलं. दोन तास गेले असतील. मला भीती वाटत होती. कोळंबी वाया गेली तर होडीवाल्यांचंही नुकसान, आणि त्या होड्यांवर आमच्यातल्या कित्येकींचे नवरे होते. आणखी अर्धा तास गेला असता तर आम्हीच बसलो असतो, हे मला माहीत आहे. ते शेठला माहीत नव्हतं.

"एक रुपया," तो शेवटी म्हणाला. "एक रुपया वाढवतो. तेरा. यावर एक पै न्हाय."

बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही. पण तोवर मागच्या बाजूला पाट सरकल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग सगळ्याच बसल्या. मीही बसले. दुपारपर्यंत कोणी मान वर केली नाही.

महिना संपला त्या दिवशी मुनीमाने मला बाजूला घेतलं. "वैनी, उद्यापासून तुम्ही येऊ नका. शेठनी सांगितलंय. मला वाईट वाटतं." मी शेडमध्ये परत गेले आणि मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की मला काढलंय. हात थांबले. मग एकेक करून परत चालू झाले. आते रडली, पण बसून रडली.

लोक म्हणतात, समजून घ्या, त्यांचीही पोटं आहेत. मी समजून घेतलं. समजून घेतल्याने राग गेला नाही. तेरा रुपयांतला तो एक रुपया आजही त्या घेतात, आणि बाजारात मी समोरून आले की दोघी-तिघी रस्ता बदलतात. त्यांच्यावर मी चिडले आहे, आणि चिडण्याचा मला हक्क आहे, असं मी मानते. शेठवर तर आहेच. पण सगळ्यात जास्त चीड येते ती त्या टाय लावलेल्या माणसाची, ज्याने आयुष्यात एक कोळंबी सोललेली नाही आणि जो मला सांगतो की माझी ताकद वाढली.

नंतर मी बंदरावरून स्वतःच कोळंबी घ्यायला लागले. घरी सोलते आणि समुद्रकाठच्या लॉजवाल्यांना देते. नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदाच मोठी मागणी आली. एका लॉजवाल्याला मी भाव सांगितला तो मुद्दाम चढा होता. वाटलं, घासाघीस करेल. तो म्हणाला, "द्या. यंदा बाहेरदेशी फिरणं महाग पडतंय, मुंबईची सगळी गर्दी इकडंच लोटलीय. खोल्या पुरत नाहीत."

म्हणजे डॉलर चढला त्याचा फायदा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात पडला, आणि तोही कोणी दिला म्हणून नाही, मी मागितला म्हणून. मी टोपली रिकामी केली, पैसे घेतले आणि त्याला म्हणाले, "उद्या याच भावाने देईन. डॉलर पडला तरी."

"त्याचा काय संबंध?" त्याने विचारलं.

मी टोपली उचलली. होड्या लागायची वेळ झाली होती, आणि मला बंदरावर पोचायचं होतं.