टेकडीवरची नववी

भांडुपच्या टेकडीवर आमची शाळा आहे. इमारत महापालिकेची, पण शाळा चालवते एक संस्था. आम्हा शिक्षकांना नेमते ती, पगार देते ती, आणि मुलांना फी नाही. मी तिथे गणित आणि विज्ञान शिकवते. वर्ग आठवीपर्यंत. त्यापुढे मुलांनी टेकडी उतरायची, एलबीएस रोड ओलांडायचा आणि स्टेशनजवळच्या शाळेत जायचं. मुलगे जायचे. मुलींच्या घरी आधी "बघू" असायचं, आणि ते "बघू" कधीकधी दिवाळीपर्यंत चालायचं. तोवर मुलगी घरकामाला नाहीतर लहान भावंडांना सांभाळायला लागलेली असायची.

म्हणून त्या वर्षी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्टाफरूममध्ये जवळजवळ धावतच आल्या तेव्हा आम्ही सगळ्या उभ्याच राहिलो. केंद्र सरकारच्या योजनेतून शाळा वाढवायला निधी मिळणार होता, आणि आमच्यासारख्या संस्थांनी चालवलेल्या पालिकेच्या शाळांनाही अर्ज करता येणार होता. मात्र शाळेने आपला आराखडा आधी राज्याकडे पाठवायचा. राज्याने मंजूर केला तरच पुढे केंद्राचे पैसे.

"आपण नववी मागायची," मोठ्या बाई म्हणाल्या. "नववी आणि विज्ञानाची प्रयोगशाळा. काय गं, शिकवशील ना नववीला?"

"शिकवीन की," मी म्हटलं. नववीचं पुस्तक मी शाळा सोडल्यापासून उघडलं नव्हतं, पण तेव्हा कोण तो विचार करतोय!

आराखडा आम्ही दोघींनी लिहिला, शाळा सुटल्यावर, ऑफिसातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर. वर्ग किती लागतील, शिक्षक कुठून येतील, प्रयोगशाळेत काय काय हवं. मी बीकर आणि सूक्ष्मदर्शक लिहिताना अशी खूश व्हायचे, जणू ते उद्याच टेम्पोतून येणार होते. मोठ्या बाईंनी त्यात दहावी आणि कॉम्प्युटरची खोलीही घातली. "मागताना कशाला लाजायचं?"

पहिल्यांदा आराखडा परत आला. शेरा होता, शाळा सरकारी आहे की खाजगी हे स्पष्ट करावे. मोठ्या बाई तो वाचून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, इतकी वर्षं झाली, मलाच ते स्पष्ट नाही. यांना काय करून देऊ?" मग पालिका आणि संस्था यांच्यातला करार जोडला, समजावणारं एक पान लिहिलं आणि पुन्हा पाठवलं. काही आठवड्यांनी निरोप आला: राज्याच्या समितीपुढे ऑनलाइन बोलायचं. प्रश्नांना उत्तरं द्यायची.

त्या दिवशी मोठ्या बाई नारायण पेठ नेसून आल्या. पालकांच्या समितीच्या अध्यक्षही आल्या. त्या आठवीतल्या एका मुलीच्या आई, मूळच्या देवगडच्या, नाक्यावर त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे. त्या दिवशी त्यांनी ते चक्क बंद ठेवलं होतं. ऑफिसात लॅपटॉप लावला, मागची भिंत पुसली, कॅलेंडर सरळ केलं. आमचा नंबर येणार, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. दिवा गेला. वायफाय गेलं. बाहेर रस्ता खोदत होते, त्यात केबल तुटली होती.

"वाट लागली!" मी मोठ्याने म्हणाले. शाळेत हा शब्द काढला की मोठ्या बाई मुलांना बाकावर उभं करतात.

"लागली खरी," त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी मात्र लॅपटॉप मिटून काखोटीला मारलासुद्धा. "बसताव कित्याक? समोर विहारात चला. थंय इन्व्हर्टर आसा."

शाळेसमोरच्या गल्लीत बुद्धविहार आहे. वस्तीतली मुलं रविवारी तिथल्या हॉलमध्ये अभ्यासाला बसतात. किल्ली असते एका काकांकडे. ते बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. आम्ही तिघी धापा टाकत त्यांच्या दारात उभ्या राहिलो. मी काय ते एका दमात सांगितलं. त्यांनी लगेच किल्ली घेतली. हॉल उघडला, चटया बाजूला सारल्या, टेबल ओढलं आणि आपला फोनही पुढे केला. "नेट माझं वापरा. मुलीने कालच रिचार्ज मारलाय."

स्क्रीन उघडली. समितीचे चार-पाच लोक, मध्ये अध्यक्षस्थानी एक मॅडम, चष्मा नाकावर.

"ही शाळा वाटत नाही," त्या म्हणाल्या. "कुठून बोलताय तुम्ही?"

"शाळेची वीज गेलीय, मॅडम," मोठ्या बाई म्हणाल्या. "समोरच्या विहारातून बोलतोय. वस्तीने जागा दिली."

मॅडमनी मान डोलावली आणि थेट तोच प्रश्न विचारला. "करार वाचला आम्ही. तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय. शाळा नेमकी कोणाची?"

मोठ्या बाईंनी पदर सारखा केला. "इमारत पालिकेची. शिक्षक संस्थेचे. मुलं या वस्तीतली, आणि प्रवेश देताना आम्ही कोणालाच परत पाठवत नाही. संस्था उद्या गेली तरी शाळा इथेच राहणार आहे, मॅडम. निधीतून जे काही येईल ते पालिकेच्याच नोंदीत जाईल. तसं करारात आहे."

कोणीतरी काहीतरी लिहून घेतलं. मग दुसरे एक साहेब म्हणाले, "नकाशात नववीसाठी वरच्या मजल्यावरची खोली दाखवलीय. पण जुन्या अहवालात ती अडगळीची खोली आहे. बसण्यायोग्य आहे का ती?"

खोली खरंच अडगळीची होती. आम्ही ती आदल्या दिवशी आवरायला घेतली होती, आणि त्या घडीला तिथे काय परिस्थिती आहे हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

"आत्ता दाखवता येईल?" साहेबांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या फोनवरून त्याच मीटिंगमध्ये शिरले आणि निघाले. चपला विहाराच्या दारातच राहिल्या. गल्लीत खोदलेल्या मातीचा ढीग, त्याच्या कडेने भाजीची गाडी, दोन स्कूटर. अध्यक्षबाई माझ्यापुढे हात पसरून धावत होत्या. "बाजूक व्हा! बाजूक व्हा रे! मंत्रालयाची मीटिंग चालू आसा!" माणसं खरोखर बाजूला झाली. भाजीवाल्याने गाडी मागे ओढली. आणि फोनमधून मॅडमचा आवाज आला, "सावकाश या हो, पडाल."

जिना चढून वर पोहोचले तेव्हा माझा श्वास फुलला होता. वर्गात अंधार झाल्यामुळे आठवीच्या मुली आपणहून वर आल्या होत्या. त्यांनी रांग लावून मोडके बाक गच्चीकडे हलवायला घेतले होते. खोली अर्धी मोकळी झाली होती. कोणीतरी गंजलेली खिडकी उघडली होती आणि तिच्यातून खालचं सगळं भांडुप, पार मिठागरांपर्यंत, दिसत होतं. त्या खिडकीतून इतकं दिसतं हे मलाही तेव्हाच कळलं. मी फोन फिरवला. भिंती दाखवल्या, छत दाखवलं, उजेड दाखवला. मुली धुळीने माखलेल्या, हातात बाक धरून तशाच थांबलेल्या.

"त्या मुलीकडे द्या फोन," मॅडम म्हणाल्या. "हो, ती दोन वेण्यांची. काय गं, आठवीत ना? पुढच्या वर्षी कुठे जाणार?"

अध्यक्षबाईंचीच लेक ती. घाबरणारी नव्हेच. तिने केसांतलं जळमट काढलं आणि म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात तर इथेच, मॅडम."

सगळ्या मुलींनी जो काही आरडाओरडा केला! मी "श्शू, श्शू" करत होते, पण मलाच हसू आवरत नव्हतं. स्क्रीनवर मॅडमनी चष्मा काढला होता आणि त्याही हसत होत्या. साहेब तेवढे गंभीर राहिले. "खोली पाहिली. निर्णय कळवण्यात येईल," ते म्हणाले, आणि स्क्रीन काळी झाली.

मग वाट पाहणं. रोज सकाळी मी मोठ्या बाईंच्या टेबलासमोरून जाताना भुवया उंचावायचे, त्या मान हलवायच्या. विहारातले काका गल्लीत भेटले की नुसतं "काय?" विचारायचे. अध्यक्षबाई पोळ्या लाटता लाटता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "होताला, होताला," म्हणजे होणारच. वार्षिक परीक्षा आली तरी उत्तर नव्हतं. दोन मुलींच्या घरी "बघू" सुरू झालं होतं, ते मला माहीत होतं.

आठवीचा विज्ञानाचा पेपर होता आणि मी वर्गावर होते. वर्ग अगदी शांत. खिडकीबाहेर मोठ्या बाई आल्या. परीक्षा चालू, बोलता येईना. त्यांनी फोन छातीशी धरलेला, चेहरा लाल. मी हातानेच विचारलं, काय? त्यांनी फोन पदरात खोचला आणि दोन्ही हात वर करून बोटं दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याची चार.

नऊ.

मी तोंडावर हात दाबला. पण पुढच्या बाकावरच्या मुलीने ते पाहिलं होतं. "बाई," ती कुजबुजली, "नववी?"

"पेपर लिही," मी म्हटलं. माझा आवाज असा निघाला की तिला उत्तर मिळालं. ते बाकाबाकाने मागे गेलं, आवाज न करता. मी बघत होते, एकेक डोकं वर यायचं, माझ्याकडे पाहायचं आणि पुन्हा पेपरात जायचं. तेवढ्यापुरतं मी पर्यवेक्षण सोडून दिलं, कारण मलाच काही नीट दिसत नव्हतं.

घंटा झाली आणि जिना हादरला. "अजून लेखी पत्र यायचंय गं!" मोठ्या बाई वरून ओरडत होत्या. कोण ऐकतंय! मुली नाक्यापर्यंत पोहोचल्यासुद्धा होत्या. थोड्या वेळाने अध्यक्षबाई मालवणी खाज्याची पिशवी घेऊन वर आल्या आणि पहिला तुकडा त्यांनी मोठ्या बाईंच्या तोंडात कोंबला. काका मागोमाग आले. "मंजूर?" त्यांनी विचारलं. "मंजूर, काका!" "झकास!" ते म्हणाले आणि बाकावर बसूनच राहिले.

पत्र आलं ते नंतर. राज्याने नववी आणि प्रयोगशाळा मंजूर केली होती. दहावी आणि कॉम्प्युटरची खोली पुढच्या टप्प्यावर ढकलली होती. केंद्राचा निधी हप्त्यांनी आला, आणि प्रयोगशाळेची टेबलं गणपतीनंतर चढली टेकडी. पण नववी जूनमध्येच भरली, त्याच खोलीत. "बघू" वाल्या दोघीही आल्या.

आणि माझी खरी परीक्षा तेव्हा सुरू झाली. त्रिकोणमिती मी पार विसरले होते. रोज संध्याकाळी भाजी फोडणीला टाकायची आणि ओट्यावरच वही उघडून बसायचं. नवरा कामावरून आला की विचारायचा, "झाला का अभ्यास?" एकदा एक उदाहरण माझ्याच्याने सुटेना. मी ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर तसंच मांडलं आणि वर्गाला म्हटलं, "चला, मिळून बघू या." दोन वेण्यांची उठून फळ्यापाशी आली. तिने एक बाजू सोडवली, मी दुसरी. उत्तर जुळलं तेव्हा आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "जमलं!"