शनिवारची झोप

हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आज तिळाच्या तेलाचा वास दरवळतोय. लेक जिमला गेली नाही. "आज रेस्ट डे आहे, आई," म्हणत पायांना तेल चोळून सोफ्यावर झोपलीय.

त्या वासासरशी मी लोणी काळभोरच्या आमच्या घरात जाऊन पोचते. माझा थोरला भाऊ, दादा, पैलवान होता. शनिवारी तालीम बंद असायची. वस्ताद लाल मातीवर पाणी शिंपडून दाराला कुलूप लावायचे. "मातीलाबी सुट्टी लागती," म्हणायचे. दादा मात्र शनिवारीही घरी जोर-बैठका मारायचा, अंगात कणकण असली तरी. जत्रेतली कुस्ती जवळ आली होती ना!

"अरं, जरा अंग टाक की," आई विनवायची.

एका शनिवारी दुपारी तो खरंच आडवा झाला. आईला कोण आनंद! तिनं रेडिओ बंद केला, मला पैंजण काढायला लावले. आम्ही दोघी चवड्यांवर चालत होतो. चहाच्या वेळी हाक मारली, तर दादा उठलाच नाही.

आता मी सोफ्याशी उभी आहे. लेकीच्या नाकाखाली बोट धरलंय.

"आई, झोपू दे ना गं!"

"झोप," मी म्हणते. बोट मात्र काढवत नाही.