शेवटच्या थप्पीचं जाळं

ती घटना आठवली की आजही माझ्या हातातला चहा गार होतो. बायको विचारते, "पुन्हा ते विमान का?" मी मान हलवतो. लोकांना त्या प्रकरणातलं विमान आठवतं. मला मात्र विमानात नसलेला एक माणूस आठवतो. त्याला मी आधी आरोपी केलं आणि मग जिवंत सापडावा म्हणून दिवसभर देव पाण्यात घालून बसलो.

तेव्हा मी ठाण्यात, खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. दुपारी सव्वातीनच्या सुमारास नियंत्रण कक्षाचा निरोप आला की, बाळकुमच्या पलीकडे तिवरांत विमान पडलं आहे. ठाणे अंमलदाराला तो मला दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा मी "कसलं पडलं?" असंच विचारलं. विमान लहान, मालवाहू होतं. विमानतळावरून उडाल्यावर काही मिनिटांतच खाली आलं होतं. त्यात दोन वैमानिक होते आणि मागे यंत्रांचे सुटे भाग.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. जीप थांबली तिथून पुढे मांडीपर्यंत गाळ. आमच्याआधी कोळीवाड्यातले लोक होड्या घालून पोचले होते आणि त्यांनी दोन्ही वैमानिकांना काठावर आणलं होतं. एक जागीच गेला होता, दुसरा रुग्णालयाच्या वाटेवर गेला. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. खाडीत पंचनामा करण्याची एक अडचण असते: सहा तासांनी घटनास्थळच पाण्याखाली जातं. मी चारी बाजूंनी दोरी बांधली, पहारे लावले आणि दोरीच्या आत जे आहे तेच घटनास्थळ असं ठरवून टाकलं. भरतीचं पाणी दोरी जुमानत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खाडीकाठी तीन वर्षं काढलेल्या माणसाला ही चूक शोभणारी नव्हती.

दिल्लीहून विमान अपघातांचा तपास करणारं पथक आलं. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला अंदाज सांगितला. उड्डाण होताच मागचा माल सरकला, शेपूट जड झालं, नाक वर गेलं आणि विमान सावरलं नाही. मग प्रश्न उरला तो माल बांधण्याचा.

माल कसा बांधतात ते मला तेव्हाच कळलं. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यावर खोक्यांची थप्पी रचतात. तिच्यावरून जाड पट्ट्यांचं जाळं ओढतात आणि जाळ्याचे आकडे पत्र्याच्या कडेला अडकवून खटका दाबतात. त्या विमानात चार थप्प्या होत्या. तीन जाळी सापडली. शेवटच्या, म्हणजे शेपटाकडच्या थप्पीचं जाळं कुठेही नव्हतं. मी पंचनाम्यात तसं लिहिलं: 'चौथे जाळे घटनास्थळी मिळून आले नाही.'

कंपनीचा अधिकारी इस्त्रीच्या शर्टात ठाण्यात आला आणि माझ्यासमोर बसून म्हणाला, "साहेब, घातलंच नसेल तर सापडणार कुठून?" त्याने माल चढवल्याचा कागद पुढे केला. खाली लोडिंग सुपरवायझरची सही होती. हे गृहस्थ चाळिशीचे, राहणार डोंबिवली पूर्व, अठरा वर्षं हेच काम. आज लिहिताना त्यांना 'ते' म्हणतोय. तेव्हा म्हणत नव्हतो.

"जाळं घातलंस?" मी विचारलं.

"घातलं साहेब."

"आठवून सांग. घातलंस की घातलं असं वाटतंय?"

मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. एकच खिळा दहा बाजूंनी ठोकायचा, कुठेतरी सैल होतोच. तिसऱ्या तासाला ते म्हणाले, "साहेब, मी रोज चौदा-पंधरा थप्प्या बांधतो. हात आपोआप चालतात. आता तुम्ही विचारताय तर… ते त्या दिवशीचं आठवतंय की आदल्या दिवशीचं, मला नाही सांगता येत."

मी टेबलावर हात आपटला आणि केस डायरीत लिहिलं: 'जाळे घातल्याचे आठवत नसल्याचे सांगतो.' निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा दाखल झाला, जामिनावर ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी वाहिन्यांवर त्यांचा फोटो होता. त्या संध्याकाळी मी घरी व्यवस्थित जेवलो, हेही सांगितलं पाहिजे.

दोन दिवसांनी सकाळी नऊला त्यांच्या पत्नीचा फोन आला. आवाज इतका कापत होता की मला आधी कळेचना.

"साहेब, हे पहाटे गेलेत घरातून. मोबाईल इथेच आहे. लग्नातली अंगठी काढून देव्हाऱ्यात ठेवलीये. साहेब, कल्याणच्या खाडीपुलावर कुणीतरी बघा ना हो!"

हातचा आरोपी गेला, वरिष्ठ काय म्हणतील, हे आधी मनात आलं. लाज वाटते, पण क्रम तोच होता. मग ती अंगठी डोळ्यांसमोर आली आणि बाकी सगळं मागे पडलं. डोंबिवलीच्या ठाण्याला कळवलं, दुर्गाडीच्या त्या पुलाजवळ माणसं पाठवली, फोटो सगळीकडे टाकला. दर पाच मिनिटांनी मी फोनकडे बघत होतो आणि तो वाजला की उचलायची भीती वाटत होती.

तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर आणखी एक कॉल आला. बाईचा आवाज. नाव सांगेना.

"आमच्या आलीन इमानाचं जालं टांगलंय. मेलेल्या मानसांची वस्तू. पोरं आजारी परतील आमची. काहून न्या."

बोली कोळीवाड्याची होती: तिथल्या आळीत विमानाचं जाळं टांगलं होतं, ते काढून न्यायचं होतं. मी स्वतः निघालो. कोळीवाडा दहा मिनिटांवर होता आणि ठाण्यात बसून फोनकडे बघणं मला सोसवत नव्हतं.

एका घराच्या ओट्यावर सत्तरीचे नाखवा, म्हणजे होडीचे मालक, बसले होते. मागे मांडवाला ते जाळं टांगलेलं. पिवळ्या पट्ट्या, खाली पत्र्याची तुटलेली कड लोंबत होती. मी जवळ गेलो. जाळं सांधलेलं होतं. फाटलेल्या प्रत्येक ठिकाणी निळ्या नायलॉनच्या दोरीने सुबक विणून काढलेलं. पुरावा हाती आला होता आणि तोही दुरुस्त होऊन.

"नाखवा, हे काय केलंत? कुठून चोरलंत हे?"

"चोरलं नाय, आलं," ते शांतपणे म्हणाले. "खाडीच्या वरच्या अंगाला तिवरान अडकलंवतं. थर्माकोल गुतलावता त्यान, म्हनून तरंगत गेलं."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"कवा सांगाचं? दोन मानसं खांद्यावर आनली तवा तुमच्या शिपायानं माना दोरीच्या भायेर हाकलला. बोलला, म्हाताऱ्या, तुजं हितं काय काम? आता जाल्यासाठी साहेब सोता आलं."

मी जाळ्याचा एक सांधा हातात घेतला. मी विचारलं, "पण सांधलंत कशाला? मासे तर यात राहणार नाहीत."

"होडीवरची ताडपत्री बांधाला होईल. आनि फाटकं जालं आमच्या घरान तसंच टांगत नाय. माज्या बापाची रीत हाय. फाटलं त्या दिशी सांधाचं, मंग जेवाचं."

मी डोक्याला हात लावून ओट्यावरच बसलो. तपास पथकाला काय सांगणार होतो? जाळं घातलं होतं एवढं सिद्ध होईल. पण खटके लावले होते की नाही, फाटलं कशानं, हे आता कोण सांगणार? आणि ज्याच्यासाठी ते सांगायचं तो माणूस या क्षणी कुठल्या पुलावर उभा असेल कोण जाणे.

नाखवा माझ्याकडे बघत होते. मग आत जाऊन ते बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. सांधताना कापलेले सगळे तुकडे त्यात होते. नायलॉन खाडीत टाकत नाही, ते म्हणाले, दुसऱ्याच्या होडीच्या पंख्यात जातं. एक तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"चोला."

मी चोळला. पिठासारखी पिवळी भुकटी पडली.

"तानून तुटला असता तं दोरा लांब, चिवट आला असता. यो कुजलाय. वरसानुवरसं उनान परलेला. आमी असलं जालं कवाच टाकून दिलं असतं. ही पट्टी पयली गेली, मंग ही, मंग ह्या तीन." कुठली पट्टी कुठल्या क्रमाने गेली ते बोट ठेवून सांगत गेले. चाळीस-पन्नास सांधे असतील. एकदाही अडखळले नाहीत.

"आणि हे आकडे?"

"ते तर माना सुटलंच नायत. चार दिस खटपट करतंय. समदं खटकं बसलेलं हायत. पत्रा तुटला, पन आकडा नाय सुटला." मग कडेच्या एका पट्टीकडे बोट केलं. तिचं उरलेलं शेपूट आत खोचून छोटी गाठ मारलेली होती. प्रत्येक आकड्यापाशी तशीच. "या गाठींना मी हात लावला नाय. ज्यानं बांधलं त्यानं मनापासून बांधलंय, सायेब."

मी तिथेच पंच बोलावले. जाळं, पत्रा आणि डबा सीलबंद केला. नाखवांचा जबाब नोंदवला, त्याचं चित्रीकरण केलं. त्यांना आरोपी करायचं का, असं हवालदाराने हळूच विचारलं. मी त्याला जीप काढायला सांगितलं. सही झाली आणि फोन वाजला. खोपटच्या एस.टी. स्टँडवर फोटोतल्यासारखा एक माणूस दिसला होता.

माजिवड्याच्या सिग्नलला जीप अडकली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उतरून वाहतूक मोकळी केली. स्टँडवर पोचलो तर वाहतूक नियंत्रक खिडकीतून बाहेर आला.

"सकाळपासून बसलेत, साहेब. चिपळूणची गाडी लागली की उठतात, दारापर्यंत जातात, परत येऊन बसतात. तीन गाड्या सोडल्या. मीच चहा दिला मघाशी."

ज्याला गाव गाठायचं असतं तो माणूस पहिली गाडी पकडतो. तीन गाड्या सोडणारा माणूस कसला विचार करत असतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळत होतं. चिपळूणकडच्या त्यांच्या गावी घरामागे विहीर होती, हे मला त्यांच्या पत्नीने नंतर सांगितलं.

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. मला बघून ते दचकले नाहीत. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"तुमच्याकडेच यायचं होतं साहेब. पाय उचलत नव्हता. लिहून आणलंय. मी जाळं घातलं नव्हतं. दोन जीव माझ्यामुळे गेले."

"तुम्हाला आठवलं?"

"हो. आता तर स्पष्ट दिसतं. मी खोकी मोजतोय, कुणीतरी हाक मारली, मी वळलो आणि जाळं तसंच राहिलं."

मी मोबाईल काढला आणि त्या गाठींचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला. मग त्यांचा अंगठा हवेतच ती गाठ मारल्यासारखा हलला.

"ही गाठ माझी आहे," ते म्हणाले. "शेपूट लोंबकळू नये म्हणून मीच मारतो. बाकी कुणी नाही मारत. कुठे मिळालं हे?"

"खाडीत. सगळे खटके बसलेले आहेत. जाळं कुजकं होतं. तुम्ही नीटच बांधलं होतंत."

आजूबाजूला लोक होते, गाड्यांची घोषणा चालू होती आणि ते मोठ्याने रडायला लागले. मीही रडलो, कुणी बघितलं असेल तर असेल. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं.

"मग साहेब, मला ती हाक कुठून आठवली?"

ती हाक माझी होती. चौकशीत मीच विचारलं होतं: कुणी हाक मारली असेल, तू वळला असशील, राहिलं असेल. तीन तास मी ते वाक्य त्यांच्या डोक्यात ठोकत होतो. बिलंदर माणूस असता तर त्याने ते झटकून टाकलं असतं. प्रामाणिक माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. मी मात्र त्यांचा गोंधळ गुन्ह्याची खूण समजलो. "मी तुम्हाला सांगितली म्हणून," मी म्हणालो आणि त्यांच्या पत्नीला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

पुढे प्रयोगशाळेने नाखवांचं म्हणणं शब्दाला शब्द खरं ठरवलं. जाळ्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि ते वापरात ठेवणाऱ्यांवर दोषारोपपत्र गेलं. सुपरवायझरचं नाव वगळण्याचा अहवाल मीच पाठवला.

पण तो कागद राहिला होता. स्वतःच्या हाताने लिहिलेला, खाली सही. फाडून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. मी तो केस पेपरला लावला आणि त्याखाली लिहिलं: 'वरील मजकूर खोटा आहे. लिहिणाऱ्यास तो खरा वाटला, यास त्याची चौकशी करणारा अधिकारी जबाबदार आहे.' वरिष्ठांनी वाचून विचारलं, "निवृत्तीच्या तोंडावर हे कशाला?" मी म्हटलं, राहू द्या साहेब, माझा जबाब अजून कुणी घेतला नव्हता. खाली नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि सही केली.