पट्ट्यावरची वकिली

चालण्याच्या बाबतीत आमच्या साडूंइतका आळशी, हट्टी आणि वर पुन्हा तज्ज्ञ असा माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, धंद्याने दिवाणी वकील. शाहूपुरीत त्यांचं ऑफिस होतं आणि बांधाच्या, वाटणीच्या दाव्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. समोरच्या पानपट्टीपर्यंत जायचं तरी हे गृहस्थ स्कूटरला किक मारायचे. अशा माणसाच्या छातीत कळ आली तेव्हा आम्ही सगळे घाबरलो, पण नवल कोणालाच वाटलं नाही. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं की रोज पाऊण तास चालायचं, मध्ये एकदाही थांबायचं नाही. तीन महिन्यांनी तपासणी. तब्येत सुधारली नाही तर वकिली बंद आणि मुलाकडे पुण्याला मुक्काम. साडूंना मरणाचं भय नव्हतं, पुण्याचं होतं. "थितं शेजारी दारसुदीक उघडत न्हाई," ते म्हणाले, "दिवसभर बोलू कुणासंगं?"

मी बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. रिकामा माणूस दिसला की नातेवाईकांना कामं सुचतात, तसं अक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, त्यांना चालवण्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. पहिल्या दिवशी आम्ही रंकाळ्यावर गेलो. आता कोल्हापुरात ओळखीच्या माणसाने न थांबता चालायचं म्हणजे काय, हे परगावच्या डॉक्टरला कसं कळावं? "काय वकीलसाब, कुठं निघालासा?" असं कोणी विचारल्यावर नुसता हात हलवून पुढे गेलं, तर वकील माजला, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते. त्यात निम्मं गाव साडूंचं पक्षकार आणि उरलेलं निम्मं विरुद्ध बाजूचं. त्या पाऊण तासात आम्ही दोन ठिकाणी चहा घेतला, एका मिसळीला नाही म्हणता आलं नाही, एका पोरीला स्थळ सुचवलं आणि तळ्याचं एक वळणसुद्धा पार न करता परत आलो. साडू मात्र घामाघूम होऊन म्हणाले, "पावणं, लई चाललो की आज."

यावर त्यांनीच उपाय काढला. अमेरिकेतून आलेल्या कोणा पक्षकाराच्या पोराने त्यांना सांगितलं होतं की तिकडे लोक चालण्याच्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, चालता चालता ऑफिसचं काम करतात. आठवड्याभरात ते धूड शाहूपुरीत येऊन पडलं. लिहायला फळी हवी म्हणून साडूंनी घरचा जुना कॅरम बोर्ड आणला आणि सुताराकडून मशीनच्या दांड्यांवर पक्का ठोकून घेतला. ठोकून झाल्यावर लक्षात आलं की वेग कमीजास्त करायची बटणं बोर्डाखाली गेली आहेत. मी म्हटलं, बोर्ड काढा. साडू म्हणाले, "कशाला? तुमी हाईसा की." आणि मी, एका नामांकित बँकेचा माजी शाखाधिकारी, रोज संध्याकाळी स्टुलावर बसून बोर्डाखाली हात घालून बटणं दाबू लागलो.

त्यांना सोसेल असा वेग शोधणं हे माझं काम. त्यांची पायताणं दोनवर सुखाने करकरायची, पण पाचच मिनिटांत डोळे मिटायला लागायचे. अडीचवर अक्षर बिघडायचं. तीनवर पेन हातातून निसटून घरंगळत कॅरमच्या भोकात जायचं. दोन आणि अडीचच्या मध्ये काहीतरी आहे, असा त्यांचा ठाम सिद्धांत होता, आणि तो वेग मी त्यांच्यापासून लपवून ठेवलाय असा संशय. "वाढवा की," "लई झालं," "आता जरा," असं चालू असताना माझी कंबर मोडायची, आणि वर हे आल्यागेल्याला चालण्याचे फायदे ऐकवायचे.

आलेला पक्षकारही बसायचा नाही. वकील उभा असताना आपण कसं बसायचं? मग बाया-बापड्या उभ्यानेच दावे सांगायच्या. आणि खरी गंमत पुढेच होती. वेगाप्रमाणे साडूंचा सल्ला बदलायचा. दोनवर ते तडजोड सुचवायचे, अडीचवर नोटीस, आणि तीनच्या पुढे गेले की थेट वरच्या कोर्टात जायची भाषा. कागलचे दोघे भाऊ एकदा चुलत्याशी बांधाचा वाद घेऊन आले होते. साडू तावातावाने चालत चुलत्याला देशोधडीला लावायच्या गोष्टी करू लागले, तेव्हा धाकटा हळूच मला म्हणाला, "साहेब, मशीन जरा सावकाश करा. आमास्नी एवढं भांडाण वाढवायचं न्हाई."

दोन महिने असे गेले. साडूंचा दम वाढेना, अक्कांनी पुण्याच्या बॅगा काढून ठेवल्या. आणि एका संध्याकाळी लोडशेडिंगची वेळ बदलली. आम्हाला पत्ताच नाही. चालता पट्टा जागीच थांबला आणि साडू कॅरम बोर्डावर उपडे पडले. लागलं काही नाही, पण मी मात्र भडकलो. त्यांचा हात धरून त्यांना रस्त्यावर आणलं आणि म्हटलं, "आता मुकाट्याने चला. थांबलात तर मी घरी जातो, अक्कांना काय ते तुम्ही सांगा."

सगळी शाहूपुरी अंधारात होती. साडूंनी ठेच लागू नये म्हणून माझा दंड घट्ट धरला होता. दुकानांच्या पायऱ्यांवर ओळखीचे आवाज बसले होते, पण आम्हाला कोणी हाक मारीना. थोडं गेल्यावर साडू दुखावल्या स्वरात म्हणाले, "पावणं, कुणी वळखंना झालंय की." मी म्हटलं, बरंच आहे, चला. माझी चाल पहिल्यापासून घाईची, त्यांची रेंगाळती. दंड धरल्यामुळे मला वेग कमी करावा लागला आणि त्यांना वाढवावा लागला. दिवे आले तेव्हा आम्ही एकदाही न थांबता पार स्टेशन ओलांडून परत येत होतो, आणि साडू दम न लागता एका जुन्या दाव्याची हकीकत सांगत होते. त्यानंतर आम्ही रोज दिवे जायची वाट पाहू लागलो. अख्खं गाव सरकारला शिव्या देत असताना आम्ही दोघेच खुशीत चपला घालत होतो.

तपासणीत डॉक्टर खूश झाले, पुणं टळलं. एवढी सुधारणा कशी झाली असं त्यांनी विचारल्यावर साडू छाती काढून म्हणाले, "मशीन हाय की आमचं." मी शेजारीच बसलो होतो. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढे बरीच वर्षं त्यांनी वकिली केली. गेले तेही झोपेत, आदल्या दिवशी ऑफिसातून येऊन. मला त्यांची फार आठवण येते, आणि आठवणीबरोबर रागही येतो. मी अजून रोज चालतो. घाईने चालू पाहतो तर जमत नाही, दंड उगाच मोकळा वाटतो. मुलं म्हणतात, बाबांची चाल वयामुळे मंदावली. वयाचा काही संबंध नाही. या माणसाने माझी चांगली चालती चाल बिघडवून ठेवली, आणि ती दुरुस्त करून द्यायला साडू काही थांबले नाहीत.